बाळाची नाजूक त्वचा आणि ‘नॅचरल’ लिहिलेल्या बाटल्या : नक्की काय घ्यायचं?

चिऊची_माऊ | सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार. बरेच दिवस नुसतीच वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

लेक साडेचार महिन्यांची आहे. दुसऱ्या महिन्यात गालांवर लाल, खरखरीत चट्टे यायला लागले, आधी वाटलं लाळेमुळे असेल, मग दंडावर आले, मग पोटऱ्यांवर. रात्री झोपेत गाल माझ्या खांद्यावर घासत राहते आणि मला कळतं की तिला खाज येतेय पण तिला सांगता येत नाही, तेव्हा फार जीव तुटतो. डॉक्टर म्हणाले सौम्य एक्झिमा आहे, घाबरू नका, साधं मॉइश्चरायझर भरपूर लावा. आता साधं म्हणजे कोणतं?

मी आपली नॅचरल लिहिलेलं बघून बघून घेत गेले. तेल, बॉडीवॉश, शांपू, लोशन, गालांसाठी वेगळं क्रीम, पावडर, वाइप्स, सात वस्तू झाल्या. त्यातलं मसाजचं तेल लॅव्हेंडरवालं होतं, बाटलीवर पानं-फुलं आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक’. तिसऱ्या दिवशी छाती लालभडक झाली. ते बंद केलं, पण आता कशावरच विश्वास बसत नाहीये. ज्यांच्या बाळांची त्वचा अशी आहे त्यांनी काय वापरलं, कसं निवडलं, प्लीज सविस्तर सांगा.

दोन_पिल्लांची_आई | मंगळवार, सकाळी ६:१५

अगं आधी सगळं थांबव. सातच्या सात. माझ्या मोठ्याच्या वेळी मी हेच केलं होतं, एकाने लाल झालं की ते शांत करायला दुसरं, दुसऱ्याने झालं की तिसरं, आणि शेवटी नक्की कशाने झालं हे कळायला मार्गच उरला नाही. दोन वस्तू ठेव फक्त. एक बिनवासाचं सौम्य क्लीन्झर, तेही रोज अंगभर नको, मान, काखा, जांघा, ढुंगण एवढ्यापुरतं, बाकी अंगाला पाणी पुरतं. आणि एक बिनवासाचं जाडसर क्रीम.

आंघोळ पाच ते दहा मिनिटं, पाणी कोमट म्हणजे ३७ अंशांच्या आसपास, थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवून बघायचं, गरम वाटलं तर ते जास्तच आहे. टॉवेलने घासायचं नाही, टिपून घ्यायचं, आणि अंग अजून ओलसर असतानाच क्रीम लावायचं, दोन-तीन मिनिटांच्या आत. आधी मी बाळाला पूर्ण कोरडं करून, कपडे घालून, मग निवांत गालांना क्रीम लावायचे. फक्त ही वेळ बदलली आणि आठवड्यात फरक दिसला, क्रीम तेच होतं.

उन्हंसावली | मंगळवार, सकाळी ९:४०

+१. आम्हीही शेवटी दोनच वस्तूंवर आलो.

रसायनवाला | मंगळवार, दुपारी १:२०

मी साबण-क्रीमं बनवण्याच्या क्षेत्रात फॉर्म्युलेशनचं काम करतो आणि घरात एक्झिमावाला मुलगा आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

बाटलीची पुढची बाजू वाचूच नका, मागची वाचा. ‘नॅचरल’ या शब्दाला कायद्यात ठाम व्याख्या नाही, कंपनीला जे वाटतं ते. ‘हायपोअलर्जेनिक’चंही तेच, अमुक चाचणी पास झाली तरच लिहायचं असा नियम नाही. ‘डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड’ म्हणजे चाचणी झाली एवढंच, कोणावर आणि निकाल काय आला हे त्यात नसतं.

मागची यादी जास्त प्रमाणाकडून कमीकडे लावलेली असते, एक टक्क्याच्या खालचे घटक मात्र कुठल्याही क्रमाने लिहिता येतात. त्यामुळे पुढे मोठ्या अक्षरात ज्या वनस्पतीचं नाव आहे ती मागे यादीच्या शेपटात सापडली तर ती नावापुरतीच आहे असं समजा. संवेदनशील त्वचेसाठी माझा पहिला निकष म्हणजे यादी जितकी आखूड तितकं बरं. ग्लिसरीन, पेट्रोलॅटम (म्हणजे पेट्रोलियम जेली), पॅराफिन, सेरामाइड, डायमेथिकोन, सेटिल अल्कोहोल अशी कंटाळवाणी नावं दिसली की मला बरं वाटतं. (सेटिल अल्कोहोल, सेटिअरिल अल्कोहोल हे मेणासारखे मऊ करणारे घटक आहेत, झोंबणारं अल्कोहोल ते नव्हे, नावाला घाबरू नका.)

दुसरा निकष वास. इथे एक खोच आहे. ‘अनसेंटेड’ म्हणजे वास येत नाही एवढंच, कच्च्या मालाचा वास झाकायला सुगंध टाकलेला असू शकतो. ‘फ्रॅग्रन्स फ्री’ म्हणजे सुगंधी द्रव्य टाकलेलं नाही. आपल्याला दुसरं हवंय. आणि यादीत परफ्यूम, पार्फम, लिनालूल, लिमोनीन, जेरानिऑल दिसलं की खाली ठेवा, मग तो सुगंध फुलातून आलेला असो की कारखान्यातून. लॅव्हेंडरच्या तेलात लिनालूल भरपूर असतं, हवा लागली की ते हळूहळू ऑक्सिडाइज होतं आणि त्यातून तयार होणारी द्रव्यं त्वचेला ॲलर्जी आणू शकतात. टी ट्री ऑइलचंही तसंच. म्हणजे चिऊची_माऊ, तेल नैसर्गिक होतं हे कदाचित खरंच असेल. छाती लाल त्या नैसर्गिक गोष्टीनेच झाली असू शकते.

तिसरं, प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे क्रीम खराब होऊ नये म्हणून टाकलेलं द्रव्य. मिथाइलआयसोथायाझोलिनोन असं लांबलचक नाव असतं, ते टाळाच. अमेरिकन काँटॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ साली त्याला ‘ॲलर्जेन ऑफ द इयर’ ठरवलं होतं. तेव्हा वेट वाइप्समुळे हातांना, तोंडाभोवती, ढुंगणाला रॅश येण्याच्या केसेस बऱ्याच निघाल्या होत्या. युरोपियन युनियनने २०१७ पासून त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनांत त्यावर बंदी घातली. गंमत म्हणजे याच सोसायटीने २०१९ मध्ये पॅराबेन्सना ‘नॉन-ॲलर्जेन’ म्हणून निवडलं, कारण ॲलर्जीच्या बाबतीत ते सर्वांत कमी त्रासदायक प्रिझर्व्हेटिव्हपैकी आहेत. ‘पॅराबेन फ्री’ लिहायच्या हट्टापायी त्यांच्या जागी जास्त ॲलर्जी आणणारी द्रव्यं आली हे माझ्या व्यवसायातलं मला खुपणारं सत्य आहे. हां, तीन वर्षांखालच्या मुलांच्या डायपरच्या भागात राहणाऱ्या क्रीममध्ये प्रोपाइल आणि ब्यूटाइल पॅराबेन युरोपात चालत नाहीत, तिथे त्वचा झाकलेली, ओलसर आणि अनेकदा सोललेली असते म्हणून. तेवढं पाळा.

नवखा_बाबा | मंगळवार, रात्री १०:०५

दादा माहिती छान आहे, पण पेट्रोलॅटम म्हणजे खनिज तेलातून काढलेलं ना? ते तान्ह्या बाळाच्या अंगाला चोपडायचं हे मनाला पटत नाही हो. त्यापेक्षा शुद्ध ऑलिव्ह ऑइल काय वाईट? पोटात चालतं ते त्वचेला का नाही चालणार? आमचं सात आठवड्यांचं आहे, त्वचा कोरडी आहे, एक्झिमा नाहीये अजून तरी.

शांतसमई | बुधवार, सकाळी ७:३०

मी नवजात बाळांच्या वॉर्डात खूप वर्षं परिचारिका होते. नवखा_बाबा, तुमचा प्रश्न मला आयांकडून शेकडो वेळा आलाय आणि मीसुद्धा कित्येक वर्षं ऑलिव्ह ऑइलच सुचवायचे, आता नाही सुचवत.

बाळाच्या त्वचेचा सगळ्यात बाहेरचा थर मोठ्या माणसापेक्षा जवळजवळ ३० टक्के पातळ असतो. त्यातून पाणी लवकर उडतं आणि बाहेरचं आत लवकर जातं, शिवाय वजनाच्या मानाने अंगाचं क्षेत्रफळ जास्त, म्हणजे तेवढंच क्रीम लावलं तरी बाळाच्या वाट्याला जास्त येतं. जन्मताना त्वचेचा पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा कमी तितकी आम्लता जास्त) सातच्या जवळ असतो, मग काही आठवड्यांत तो उतरून साडेपाचच्या आसपास आम्लधर्मी होतो आणि तो आम्लपणा हेच एक संरक्षण असतं. साध्या साबणाच्या वडीचा पीएच नऊ-दहा असतो, प्रत्येक आंघोळीला आपण ते संरक्षण धुऊन टाकतो. म्हणून साबण नको, साबणविरहित सौम्य क्लीन्झर हवं. जन्मतः अंगावर जो पांढरा लोण्यासारखा थर असतो तोसुद्धा याचसाठी पुसू नये म्हणतात, आणि पहिली आंघोळ निदान २४ तास पुढे ढकला असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आता तेल. त्वचेच्या पेशींच्या मधे स्निग्ध पदार्थांचे थर असतात, विटांमधला गिलावा असतो ना तसे. ऑलिव्ह ऑइलमध्ये ओलेइक ॲसिड खूप, ते हा गिलावा विस्कटतं. २०१३ साली मोठ्या माणसांच्या हातांवर काही आठवडे लावून पाहिलं तेव्हा ऑलिव्हने संरक्षण कमी झालेलं आढळलं, सूर्यफुलाच्या तेलाने नाही. पण २०१६ मध्ये मँचेस्टरमध्ये नवजात बाळांवर अभ्यास झाला, त्यात ऑलिव्ह आणि सूर्यफूल दोन्ही तेलांच्या गटांत हे थर तेल न लावलेल्या बाळांइतके नीट रचले गेले नव्हते. म्हणून धडधाकट बाळाला आईवडिलांच्या हौसेने थोडं तेल चालेल, पण औषध म्हणून, कोरडेपणावरचा उपाय म्हणून ऑलिव्ह नको.

आणि पोटात चालतं ते त्वचेला चालतं, हे तर एक्झिमाच्या बाळात फार जपून. फाटक्या त्वचेतून खाण्याचा पदार्थ आत गेला तर शरीर त्याला शत्रू समजायला शिकू शकतं. २००३ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांना तान्हेपणी शेंगदाणा तेल असलेली क्रीमं जास्त लावलेली आढळली होती. जपानमध्ये गव्हाचं प्रथिन घातलेला चेहऱ्याचा साबण वापरून दोन हजारांहून जास्त लोकांना गव्हाचीच ॲलर्जी झाली, २०११ मध्ये तो परत मागवला. तीही मोठी माणसं होती. म्हणून दूध, बदाम, गहू, शेंगदाणा असले घटक असलेली क्रीमं लाल त्वचेवर नकोच. दुधात कापूस बुडवून बाळाचे गाल पुसणाऱ्या कितीतरी आया मी पाहिल्यात, मायेनेच करतात, पण नको.

पेट्रोलॅटमचं म्हणाल तर औषधी दर्जाचं शुद्ध केलेलं असतं, त्यात वास नाही, प्रथिन नाही, प्रिझर्व्हेटिव्हची गरज नाही, ॲलर्जी होणं अगदी दुर्मिळ. ते त्वचेवर बसून पाणी आत धरून ठेवतं, बस. वॉर्डात आम्ही सगळ्यात नाजूक बाळांना तेच लावायचो.

उन्हंसावली | बुधवार, सकाळी १०:५०

शांतसमई ताई, थोडा वेगळा अनुभव सांगते. आमच्या बाळाला शुद्ध खोबरेल खूप छान मानवलं. आंघोळीनंतर ओल्या अंगाला पातळ थर आणि वरून क्रीम. त्याच्या अंगाला तेल लावताना तो जो शांत होतो, डोळे मिटून घेतो, ते मला कुठल्याच ट्यूबमध्ये मिळणार नाही. सगळी तेलं एका मापात नका मोजू प्लीज.

शांतसमई | बुधवार, सकाळी ११:३५

बरोबर आहे तुझं, मी सरसकट बोलले. खोबरेलात ओलेइक ॲसिड कमी असतं आणि एक्झिमाच्या मुलांमध्ये ते खनिज तेलापेक्षा चांगलं ठरल्याचा अभ्यासही आहे. मानवलंय तर चालू ठेव. फक्त त्वचा पाझरत असेल, भेगा असतील त्या दिवसांत चोळू नकोस. आणि मालिशीतला स्पर्श तर हवाच गं, तो क्रीम लावतानाही देता येतो.

निळाई | बुधवार, रात्री ९:१५

माझ्या मैत्रिणीने एक हर्बल मलम दिलंय, डबीवर घटक लिहिलेले नाहीत पण तिच्या बाळाचे चट्टे दोन दिवसांत गायब झाले. चिऊची_माऊला पत्ता देऊ का?

रसायनवाला | बुधवार, रात्री ९:३२

निळाई, कृपा करून नका देऊ. दोन दिवसांत एक्झिमा गायब करणारं आणि घटक न लिहिलेलं मलम दिसलं की माझ्या डोक्यात पहिला संशय लपवलेल्या स्टिरॉइडचा येतो. १९९९ मध्ये लंडनमध्ये ११ हर्बल क्रीमं तपासली होती, ८ मध्ये डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड निघालं, आणि ती लहान मुलांच्या चेहऱ्यालाही लावली जात होती. तान्ह्या बाळाच्या गालावर तीव्र स्टिरॉइड महिनोन्‌महिने म्हणजे त्वचा पातळ होणं, शिवाय ते रक्तातही उतरतं.

उलट डॉक्टरांनी मोजून दिलेलं सौम्य स्टिरॉइड, अमुक दिवस, अमुक जागी, त्याला घाबरायचं कारण नाही. आम्ही घाबरून सहा महिने टाळलं आणि मुलगा सहा महिने खाजवत राहिला, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

निळाई | बुधवार, रात्री ९:५०

बापरे. हे माहीतच नव्हतं. मैत्रिणीला आत्ताच फोन करते.

नवखा_बाबा | गुरुवार, सकाळी ८:१०

ऑलिव्हची बाटली बाजूला ठेवली, धन्यवाद. अजून एक, बायकोला लहानपणी एक्झिमा होता, तर बाळाला होऊ नये म्हणून आत्तापासूनच रोज अंगभर क्रीम लावायचं का?

शांतसमई | गुरुवार, सकाळी ८:४५

लावून एक्झिमा टळेल म्हणून नको. ब्रिटनमध्ये असाच धोका असलेल्या १,३९४ नवजात बाळांवर वर्षभर हा प्रयोग केला, निकाल २०२० मध्ये आला. दोन वर्षांच्या वयात रोज क्रीम लावलेल्यांत २३ टक्के आणि न लावलेल्यांत २५ टक्के मुलांना एक्झिमा, म्हणजे फरक नाहीच म्हणायचा, उलट क्रीमच्या गटात त्वचेचे जंतुसंसर्ग थोडे जास्तच. कोरडं दिसतंय तिथे लावा. पहिल्या आठवड्यांत नाकावर पांढरे ठिपके, गालावर पुटकुळ्या, डोक्यावर खपल्या येतात त्यातल्या बहुतेकांना काहीच लागत नाही, आपोआप जातात.

दोन_पिल्लांची_आई | गुरुवार, दुपारी ३:३०

चिऊची_माऊ, पावडरचं कोणी बोललं नाही म्हणून सांगते, ती काढूनच टाक. बारीक भुकटी बाळाच्या श्वासातून आत जाते, टाल्क असो की मक्याच्या पिठाची असो. वाइप्स बाहेर जातानाच, घरी कापूस आणि पाणी. डायपरच्या जागी झिंक ऑक्साइडचं मलम जाडसर लावायचं, दर वेळी खरवडून काढायचं नाही, घाण झालेला वरचा थर तेवढा पुसायचा. मांडीच्या वळ्यांमध्ये गडद लाल आणि कडेला सुटे सुटे ठिपके दिसले तर ती बहुतेक बुरशी असते, तिला झिंक पुरत नाही, दाखवून घे.

आणि कपडे! सुवासिक डिटर्जंट आणि सॉफ्टनर तिच्या कपड्यांना बंद कर आणि तुझ्याही, ती गाल तुझ्याच खांद्यावर घासते म्हणालीस ना.

चिऊची_माऊ | गुरुवार, रात्री ११:२०

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या कपड्यांना तर वास येतोच, शिवाय मी अत्तर लावते. उद्यापासून बंद. सगळ्यांचे खूप खूप आभार, प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचलाय. नवीन क्रीम आणलंय, नऊ घटक, फ्रॅग्रन्स फ्री. एकदम अंगभर लावायची भीती वाटतेय, आधी तपासून कसं बघायचं?

रसायनवाला | शुक्रवार, सकाळी ७:००

हाताच्या आतल्या बाजूला, जिथे चट्टा नाही अशा जागी नाण्याएवढं, दिवसातून दोनदा, आठवडाभर त्याच जागी. एक दिवस लावून काही झालं नाही म्हणजे पास असं नसतं, ॲलर्जी दिसायला वेळ लागतो. आणि त्या आठवड्यात दुसरं काहीही नवीन आणू नका. तोवर गालांना साधं पेट्रोलॅटम लावत राहा.

चिऊची_माऊ | रविवार, रात्री १०:४० (साधारण महिन्यानंतर)

अपडेट द्यायला उशीर झाला, माफ करा.

सात वस्तूंच्या तीन झाल्या. क्लीन्झर, नऊ घटकांचं क्रीम, पेट्रोलॅटम. आठवडाभर तपासलं, काही झालं नाही, मग अंगभर सुरू केलं, दिवसातून दोन-तीनदा, आणि मी आधी किती कमी लावत होते ते आता कळतंय, ट्यूब पंधरा दिवसांत संपली. दूध पाजायच्या आधी हनुवटी आणि गालांना पेट्रोलॅटमचा थर देते, मग लाळ आणि दूध त्वचेला सरळ लागत नाही, ही युक्ती शांतसमई ताईंनी विपूत (माझ्या विचारपूस पानावर) सांगितली होती. पोटऱ्या दहा-बारा दिवसांत मऊ झाल्या, दंड त्यानंतर.

मध्ये एकदा बिघडलं. उजव्या गालावर पाणी सुटलं आणि पिवळट खपली धरली, शांतसमई ताईंनी लगेच दाखव म्हटलं म्हणून त्याच दिवशी गेले, संसर्ग झाला होता, औषध दिलं, सोबत सौम्य स्टिरॉइड पाच दिवस. रसायनवाला दादांचा प्रतिसाद वाचलेला नसता तर मी ती ट्यूब उघडलीच नसती. चौथ्या दिवशी गाल शांत.

डाव्या गालावर अजून एक फिकट चट्टा आहे, येतो-जातो. पण खांद्यावर घासणं थांबलंय.

अंगणवेल | सोमवार, सकाळी ९:०५

धागा आजच वाचला, आमचंही पाच महिन्यांचं असंच आहे. क्रीम घ्यावं की लोशन की ऑइंटमेंट? जितकं तेलकट तितकं चांगलं असं ऐकलंय पण ऑइंटमेंटने बाळ इतकं चिकट होतं की मला हातात धरवत नाही, मग मी लावायचंच टाळते. आणि आंघोळीच्या पाण्यात टाकायचं तेल मिळतं ते घेऊ का?

शांतसमई | सोमवार, सकाळी ९:४०

जे तू न टाळता रोज लावशील ते घे. २०२२ मध्ये ५५० मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट चारही ताडून पाहिले, परिणामात फरक निघाला नाही. पाण्यातलं तेल नको, २०१८ च्या अभ्यासात त्याचा वेगळा उपयोग दिसला नाही, शिवाय बाळ हातातून निसटतं. डबी घेतलीस तर बोटं घालू नकोस, स्वच्छ चमच्याने काढ, आणि डबीवर उघड्या झाकणाच्या चित्रात ६ किंवा १२ लिहिलेलं असतं, उघडल्यापासून तेवढेच महिने.

अंगणवेल | सोमवार, सकाळी ९:५२

आमच्या डबीवर ६ आहे आणि ती आठ महिन्यांपूर्वी बाळाच्या तयारीत उघडून ठेवलेली आहे. आजच काढून टाकते.